आईचा पत्रा आणि माझं डच छत

आमच्या कोल्हापूरच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण चाललंय, स्लॅब गळतोय तर गच्चीवर पत्रा मारायचा का वरच पाणी साठवायचं. पत्र्याच्या बाजूनं आई न् काका, दुसरीकडं धाकटा भाऊ, आणि त्याच्या डोक्यात हे खूळ घातलं मीच, ॲमस्टरडॅमच्या छतांचे फोटो पाठवून.

मी राहतो त्या ॲमस्टरडॅममध्ये, इथं २०१८ ते २०२२ मध्ये रेझिलिओ नावाचा प्रोजेक्ट झाला, सोशल हाउसिंगच्या बिल्डिंगींवर अशी बरीच छतं केली. वर माती-झाडं, खाली पोकळ थर, त्यात पावसाचं पाणी. वातीसारखे धागे ते वर ओढतात, झाडं हवेत सोडतात, खालचं घर गार. आपण संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतून गाद्या टाकायचो, तेच की हे! व्हॉल्व्ह मात्र भारी, अंदाज बघून मोठा पाऊस यायच्या आधीच पाणी सोडतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरल्यावर उघडतात, हा गडी आधीच. नाद खुळा.

पण इथं पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो, म्हणून ऐन उन्हाळ्यातही थर परत भरतो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर धो धो, आणि एप्रिल-मेत गारवा पाहिजे तेव्हा वर ठणठणाट, वळीव आला तर आला, नाहीतर काय टँकर मागवून छताला पाजायचा? शिवाय ८ सेंटीमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ८० किलो, ओली माती वेगळी, आणि आमचा स्लॅब आत्ताच रडतोय. पूर थांबंल हे भावानं डोक्यातनं काढावं, पंचगंगा गच्च्यांमुळं चढत नाही, वरच्या धरणांकडच्या पावसानं चढते. शहरातल्या जयंती नाल्याचा ताण जरा हलका होईल, फार तर.

आईनं एकच विचारलं, कुरडया आणि चटणीच्या मिरच्या कुठं वाळवू? गप्प बसलो.

आता मी पत्र्याच्या पार्टीत. आधी गळती काढा, मग पत्रा उंच, बाजू मोकळ्या, वरनं पांढरा रंग, म्हणजे स्लॅबला सावली. पन्हळ लावून पाणी खालच्या हौदात, पहिल्या पावसाचं घाण पाणी तेवढं सोडून द्यायचं. १००० चौरस फुटांवर १० मिलिमीटर पडला तरी ९०० लिटर होतंय. फक्त अर्धी गच्ची मोकळी ठेवा, मे महिन्यात मी येतोय, कुरडयांच्या शेजारी माझी गादी पडली पाहिजे.