पेपर जोखायचा तर 'गुरुवारी पाणी बंद' वाचा

वर्तमानपत्र अग्रलेखावरून जोखायची पुणेकरांची खोड जुनी, थेट १८८१ च्या 'केसरी'पासूनची. माझ्या मते पेपरचा कस आतल्या पानावर लागतो, 'गुरुवारी पाणी बंद' या चार इंची बातमीत.

महापालिकेचं प्रसिद्धिपत्रक जलकेंद्रांच्या हिशेबाने येतं: पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर. त्याखाली भागांची लांबलचक यादी आणि शेवटी ते पाठ झालेलं वाक्य, 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.' आपलं पाणी कुठल्या जलकेंद्रातून येतं हे किती जणांना माहीत असतं? माणूस यादीत आपली गल्ली शोधतो. आणि पानावर जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो, म्हणजे नेमकी यादीच उडते आणि उरतं 'व इतर परिसर'. अधिकाऱ्याचं आवाहन मात्र वर शाबूत! यादी आधी चौकटीत बसवायची आणि मग उरलेल्या जागेत बातमी, एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं त्या ठरीव वाक्याचं. दाब कमी का? रिकाम्या झालेल्या जलवाहिन्या आधी भरतात, त्यांतली हवा निघावी लागते, मगच पाणी पुढे सरकतं. उंचावरच्या आणि लाइनच्या टोकाच्या सोसायट्यांचा नंबर शेवटी. त्यांनी बुधवारी रात्री भरलेली टाकी शुक्रवारी दुपारपर्यंत पुरवायला हवी. ही ओळ बातमीत असली की सोसायटीचा सेक्रेटरी टँकर सांगायचा की नाही ते बुधवारीच ठरवतो.

पावसाळ्यात दुसरी गंमत. 'खडकवासला भरले' असा आठ कॉलमी मथळा. पुण्याला पाणी देणाऱ्या साखळीतल्या चारही धरणांची क्षमता मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन. ते लवकर भरणारच. वर्षभराच्या पाण्याचं गणित पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांवर चालतं. म्हणून चारही धरणांचा एकूण साठा आणि शेजारी गेल्या वर्षी याच तारखेचा आकडा, एवढं तरी रोज हवं. विसर्गाचा, म्हणजे धरणातून नदीत सोडलेल्या पाण्याचा, आकडा वेळेशिवाय छापणं तर धोक्याचं. रात्री छपाईला गेलेला आकडा पहाटेपर्यंत शिळा होतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा ताजा आकडा छापील पानावर मिळणं शक्यच नव्हतं. पण किती क्युसेकला (सेकंदाला किती घनफूट पाणी सोडल्यावर) मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता कधी बंद होतो, कुठल्या वस्तीने सामान कधी हलवायचं, हा तक्ता जूनमध्येच छापता येतो. तो वाचक कापून ठेवतात.

मिळकतकराचंही तेच. '४० टक्के सवलत' हा मथळा सगळे देतात. स्वतः राहत्या घरासाठीच्या या सवलतीचा पीटी-३ अर्ज कोणी भरायचा, कोणी भरायची गरज नाही, स्वतः राहतो याचा पुरावा काय जोडायचा आणि शेवटची तारीख कोणती, हे शोधायला दुसरा पेपर घ्यावा लागत असेल तर पहिला कशाला घ्यायचा?

आणि चूक झालीच, तर दुरुस्ती त्याच पानावर द्या. 'कालच्या अंकात पाणी बंदचा वार बुधवार छापला गेला, तो गुरुवार असा वाचावा' इतकं स्वच्छ. 'अनवधानाने काही तपशील चुकीचे प्रसिद्ध झाले' यावरून कोणाला बादल्या कधी भरायच्या ते कळत नाही.