रेडॉन, पत्र्याचे वर्ग आणि भिंतीवरचा एक कागद

मी राहतो त्या अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात डेकेअर चालवायचं असेल तर लायसन रिन्यू करताना दाखवावं लागतं की गेल्या तीन वर्षांत तिथला रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा एक किरणोत्सर्गी वायू, मोजलाय. 2013 पासूनचा कायदा आहे हा, आणि नुसतं मोजून भागत नाही, तो रिपोर्ट लायसनच्या शेजारी भिंतीवर लावायचा, म्हणजे कुठल्याही आईबापाला उभ्या उभ्या वाचता येतो. आमच्या धाकटीच्या डेकेअरमधल्या त्या कागदाचा फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि सोलापुरातून धडाधड उत्तरं आली. मावसभाऊ झेडपी शाळेवर गुरुजी आहे, त्यानं लिहिलं, "का बे, आमच्या दोन वर्गांवर अजून पत्राय, एप्रिलमध्ये पोरं भाजून निघतेत, आन तुमी न दिसणारा गॅस मोजायलाव?" तर वहिनीचं उलटंच, "भावजी, तिकडं एवढं करतेत म्हणजे कायतरी असणारच की, आपल्या पिंट्याच्या शाळेत पण मशीन बसवायला सांगू का?"

मला दोघांचंही पूर्ण पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जमिनीत, दगडात थोडंफार युरेनियम असतंच, त्याचं रेडियम होतं आणि रेडियमपासून हा रेडॉन वायू तयार होतो. रंग नाही वास नाही, फरशीच्या भेगांतून, पाइपाच्या कडेनं घरात शिरतो, आणि त्याच्यापासून पुढं जे पोलोनियमचे कण बनतात ते श्वासातून फुफ्फुसात जाऊन बसतात. अमेरिकेत सिगारेटनंतर फुफ्फुसाच्या कॅन्सरचं दुसरं मोठं कारण हेच धरतात, इथल्या पर्यावरण खात्याचा अंदाज वर्षाला साधारण 21,000 मृत्यूंचा आहे. लोकांचे डोळे उघडले 1984 ला. पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनिअर अणुवीज प्रकल्पात कामाला जायचा आणि तिथलं रेडिएशनचं अलार्म वाजायचं, आणि शोधल्यावर कळलं की माणूस किरणोत्सर्ग प्रकल्पातून घरी नेत नव्हता, घरून प्रकल्पात आणत होता! आज इथं 4 पिकोक्युरी प्रति लिटर, म्हणजे 148 बेकरेल प्रति घनमीटरच्या (दोन्ही किरणोत्सर्ग मोजायची एककं) वर आकडा गेला की दुरुस्ती करा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना तर 100 बेकरेलच धरा म्हणते, आणि फार तर 300 च्या वर जाऊ देऊ नका.

आता इथं हा वायू का साठतो, तर थंडी. चार-पाच महिने खिडक्या बंद, आत हीटर, गरम हवा वर जाते आणि खालून जमिनीतली हवा ओढली जाते, त्यात बहुतेक घरांना बेसमेंट. सोलापुरात यातलं काय आहे सांगा. आपलं गाव बसलंय दख्खनच्या काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर, त्यात ग्रॅनाइटच्या मानानं युरेनियम बरंच कमी. भीमेच्या नावाच्या भीमा बेसिनमध्ये, कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात गोगीला युरेनियमचा साठा सापडलाय खरा, पण तिथला दगड वेगळा. आणि आपल्या शाळांच्या खिडक्या? त्या उघड्याच असतात, काहींची तर तावदानंच गायब, हवा खेळती राहण्याची सोय महापालिकेनं न ठरवता करून ठेवलीय.

त्यामुळं वहिनी, सरसकट सगळ्या शाळांत मशीन बसवायची गरज मला तरी दिसत नाही. पण तू ज्या शाळेचं कौतुक सांगतेस तिथं 'फुल्ली एसी क्लासरूम' असा बोर्ड आहे, स्प्लिट एसी लावून खिडक्या सील केलेल्या, चाळीस पोरं एका खोलीत, तिथं मात्र मी प्रश्न विचारीन. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची ताजी हवा तो आणत नाही, हे बऱ्याच पालकांच्या लक्षातच येत नाही. रेडॉन राहू दे बाजूला, पोरांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइडच इतका साठतो की दुपारी जांभया सुरू, आणि एकाला सर्दी झाली की सगळ्यांना. फी भरून बंद खोली विकत घ्यायची म्हणजे कमालच आहे.

आणि इलिनॉयला पण फार डोक्यावर घेऊ नका. डेकेअरला सक्ती, पण तेच मूल पाच वर्षांचं होऊन शाळेत गेलं की शाळेला कायदा फक्त शिफारस करतो, दर पाच वर्षांनी मोजलं तर बरं. म्हणजे पोराचं फुफ्फुस पाचव्या वाढदिवसाला पोलादी होतं की काय कुणास ठाऊक. शेजारच्या आयोवानं 2022 ला कायदा करून शाळांना मोजणं बंधनकारक केलं, तेही 2027 पर्यंतची मुदत देऊन.

अजून एक, विडीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रेडॉनमुळं होणाऱ्या कॅन्सरचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा ओढणाऱ्याला साधारण 25 पट. शिवाय तंबाखूच्या पानातच पोलोनियम-210 असतं, रेडॉनच्याच वंशावळीतलं. ज्या गावात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात तिथं रेडॉनची काळजी करायची तर आधी घरातला धूर बंद करायला हवा, पण विडी म्हटलं की लगेच रोजगाराचा प्रश्न येतो आणि तो खोटाही नाही, म्हणून सगळे गप्प बसतात.

मावसभावाचं म्हणणं मात्र मला झोंबलं, कारण तो अर्धा बरोबर आहे. 2025 ला सरकारनं पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत नेल्या तेव्हा केवढी ओरड झाली, पत्र्याखाली पोरं पेपर कशी लिहिणार म्हणून. पण वाद झाला तो हवामान खात्याच्या तापमानाच्या आकड्यावर, आणि तो सावलीतला, मोकळ्या हवेतला आकडा. पत्र्याखालच्या वर्गात दुपारी एकला किती असतं याची नोंद त्याच्या शाळेत नाही, मी विचारलं. विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवर आपण वर्षानुवर्षं भांडलो, 2023 च्या जूनमध्ये ती पाडली, कुणाची बाजू बरोबर ते सोडा, पण चिमणी किती उंच आणि विमानाला किती अडते यावर पानटपरीवरसुद्धा आकड्यांनी भांडण व्हायचं. वर्गाच्या बाबतीत तसं होत नाही कारण आकडाच नाही.

म्हणून गुरुजी, तू पहिल्यांदा एक साधा थर्मामीटर भिंतीला लाव, पोरांकडूनच रोज दोन वेळा वहीत लिहून घे, आणि महिन्याचा कागद ऑफिसच्या दारावर चिकटव, पालक सभेला सरपंच येतोच. रेडॉनचं काम विद्यापीठाच्या फिजिक्स डिपार्टमेंटला सहज जमेल, त्याला महागडं मशीन लागत नाही, फिल्मचे छोटे डिटेक्टर असतात, खोलीत तीन महिने टांगून ठेवायचे आणि लॅबमध्ये नेऊन फिल्मवरचे ठिपके मोजायचे. सगळ्या शाळा नकोतच, अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये चालणारे प्लेग्रुप, एसीच्या बंद खोल्या आणि जुन्या दगडी इमारतींतले तळमजल्याचे काही वर्ग एवढं बास, आणि आकडा कमी आला तरी तो दारावर लागलाच पाहिजे.