टॉमी, अलॉय आणि काका

बाईकच्या नव्या कोऱ्या काळ्या अलॉयवर, म्हणजे बिनतारांच्या ओतीव चाकावर, व्हॉल्व्हच्या शेजारी, नखाएवढा पांढरा ओरखडा पडलाय. कोणाला दिसत नाही म्हणे. मला पार्किंगमध्ये गाडी दिसायच्या आधी तो दिसतो.

झालं काय, तर माझ्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ची स्पोकची, म्हणजे तारांची, चाकं काढून अलॉय टाकायचे होते. स्पोकच्या रिमला प्रत्येक तार अडकवायला भोक, म्हणजे ट्यूब आलीच, आणि ट्यूबला खिळा लागला की हवा जी जाते ती विचारू नका, खंबाटकी घाटात रात्री गाडी ढकलल्याशिवाय माणसाला ट्यूबलेसची किंमत कळत नाही. अलॉय आणले, पुढचा १९ इंची, मागचा १८, टायर आणले. बसवणार कोण? मोठ्या टायरवाल्याकडे मशीन आहे, एसी आहे, कॉफी आहे, पण "बाईकचं नाही करत सर." म्हणजे उरला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आणि त्याच्या दोन टॉम्या, म्हणजे टायर उचकायच्या लोखंडी पट्ट्या.

मी तयारीने गेलो होतो. रिमच्या कडेला लावायला उभे चिरलेले पाइपचे तुकडे, साबणाचं पाणी, आणि ब्रेकची डिस्क जमिनीवर घासू नये म्हणून जुनी सतरंजी. पंक्चरवाल्या दादांनी सतरंजीकडे बघितलं आणि म्हणाले, "जेवायला बसायचंय का?"

इथे काका आले. म्हणजे आधीपासून होतेच, हवा भरायला. हवा भरून झाली होती, तरी जात नव्हते. माकडटोपी, हातात दुधाची पिशवी.

"पाइप कशाला? रिम आहे का काच?"

"स्क्रॅच पडतो काका."

"पडू दे की. गाडी चालवायला घेतलीस का ओवाळायला?"

मी गप्प. काका नाही.

"आमच्या चेतकची रिमच दोन तुकड्यांत यायची. नट काढले की टायर मोकळा. टॉमी नाही, काही नाही. आणि वर स्टेपनी! तुझ्या गाडीला स्टेपनी आहे?"

"नाही."

"केवढ्याला पडली?"

सांगितलं. काकांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आणि स्टेपनी नाही."

आता यात खरी गंमत अशी की टायर बसवायला ताकद लागतच नाही. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो, समोरच्या बाजूची टायरची कड त्यात दाबून धरली की इकडची बाजू अलगद चढते. मी दादांना हेच सांगत होतो, पण वरून काकांची कॉमेंट्री चालू, "गुडघा टाक रे, गुडघा!" दादांनी गुडघा टाकला, भलत्या बाजूला, पाइप सटकला आणि टॉमी रिमवरून कर्रर्र करत गेली. दादांनी ओरखड्याला थुंकी लावून अंगठ्याने पुसलं. काका वाकून बघून म्हणाले, "सावलीत लाव, नाही दिसणार."

हवा भरली, कड टप्प करून बसली, मी श्वास सोडला. तेवढ्यात काका म्हणाले, "बाण उलटा आहे रे."

आणि होता! टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असतो, आणि डिस्क कुठल्या बाजूला येते ते दादांनी बघितलंच नव्हतं. एवढ्या वेळात हा माणूस एकदाच कामाचं बोलला आणि तेही टायर चढल्यावर. परत काढा, परत चढवा. दुसरा ओरखडा.

हसून सोडून द्यायचं म्हणतात सगळे. पण आपल्याकडे गाडी बंद पडली तरच नुकसान, बाकी सगळं "चालतंय की". हेच लोक मोबाइल घेतल्याबरोबर दुकानातून बाहेर पडायच्या आत स्क्रीनगार्ड लावतात. मी म्हटलं, दादा, थोडे कमी करा, रिम खराब झाली. तर म्हणे, "साहेब, मजुरी दोनदा झाली, पैसे एकदाच घेतोय." यावर काय बोलणार?

वर लाइट गेली, कॉम्प्रेसर बंद, मागचं चाक राहिलंच. म्हणजे गाडी एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून घरी. "मागचं उद्या आणा," दादा म्हणाले.

काकांनी किक मारता मारता मागे वळून बघितलं. "सकाळी आण. दहानंतर मला बँकेत जायचंय."