शांघायला निघालात? मसाल्याआधी नावाचं बघा

शांघायला नोकरीसाठी निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत काय असतं ते सांगायला नको. गोडा मसाला, मेतकूट, हिंगाची डबी, छोटा कुकर. चौकशाही ठरलेल्या: जेवणाचं कसं, भाषेचं कसं, थंडी किती. या तिन्ही गोष्टी महिना-दोन महिन्यांत मार्गी लागतात. लागत नाही ते स्वतःचं नाव, आणि त्याबद्दल निघण्याआधी कुणीच काही विचारत नाही.

तिथलं रोजचं जगणं तीन गोष्टी जुळण्यावर चालतं: पासपोर्टवरचं नाव, पासपोर्टचा नंबर आणि चिनी मोबाईल नंबर. सिम, बँक खातं, गप्पा आणि पैशांचं वीचॅट, पैसे भरायचं अलीपे, रेल्वेच्या तिकिटांचं १२३०६ ॲप, सगळीकडे हेच त्रिकूट तपासलं जातं. चिनी नाव बहुतेक वेळा दोन-तीन अक्षरांचं, त्यामुळे फॉर्ममधल्या चौकटीही त्याच मापाच्या. आपल्या पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात ‘देशपांडे’ आणि त्याखाली ‘अनघा श्रीनिवास’, कारण वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आपण पहिल्या नावाला जोडूनच लिहितो. आता सिमच्या काउंटरवर एकजण टाइप करतो ‘अनघा श्रीनिवास देशपांडे’, बँकेतली बाई आडनाव आधी घेते, आणि कंपनीतला माणूस घाईत मधल्या स्पेस खाऊन टाकतो. तिन्ही नोंदी आपापल्या जागी बिनतक्रार चालतात. मग वीचॅटला बँकेचं कार्ड जोडायला गेलं की ‘माहिती जुळत नाही’ एवढंच येतं. कुठली माहिती, ते येत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन यांत्रिक ओळी असतात, त्यांत आडनाव आधी येतं. तोच क्रम, सगळी अक्षरं कॅपिटल, प्रत्येक शब्दामागे एकच स्पेस, हे कागदावर लिहून सोबत ठेवा आणि प्रत्येक खिडकीवर तोच कागद पुढे करा. सिम आधी, कारण बँक नंबर मागते. ते मोबाईल कंपनीच्या मोठ्या सेवा केंद्रातूनच घ्या. तिथे पासपोर्ट बघून चेहऱ्याचा फोटो काढतात आणि चूक झाली तर दुरुस्तही होते. कोपऱ्यावरच्या टपरीत होत नाही. बँकेत पासपोर्ट, घराचा चिनी पत्ता, कंपनीचं पत्र आणि पॅन नंबर लागतो. खातं उघडलं की सिस्टिममध्ये नाव कसं पडलं त्याची छापील पावती मागा, फोटो काढा, आणि पुढच्या प्रत्येक ॲपमध्ये हुबेहूब तेच भरा.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना याचा ताप दुप्पट. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. वर्क परमिटसाठी पदवीची प्रमाणित प्रत द्यावी लागते. दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा विवाह दाखलासुद्धा भारतातूनच प्रमाणित करून नेलेला बरा. तिथून मागवणं म्हणजे महिनाभराची उठाठेव.

चिनी कारकून आडमुठा असतो, ही आपल्याकडची आवडती तक्रार. मला ती पटत नाही. आपल्याकडे खिडकीपलीकडचा माणूस ‘बघतो, करून देतो’ म्हणू शकतो, कारण त्याच्या हातात पेन असतं. तिथे त्याच्या हातात फक्त स्क्रीन असते. स्क्रीनवर चौकट नसेल तर तो मनात असूनही काही करू शकत नाही. त्याच्यावर आवाज चढवून उपयोग नाही, जुळणारा कागद आणावा.

पहिल्या आठवड्याचं सांगायचं तर राहत्या पत्त्याची पोलीस नोंदणी कायद्याने २४ तासांत करायची असते. हॉटेल स्वतःच करतं. पण भाड्याच्या किंवा मित्राच्या घरी उतरलात तर जबाबदारी तुमची. स्थानिक पोलीस चौकीत, म्हणजे पायछूसुओमध्ये, जाऊन करा. शांघायमध्ये ऑनलाइनही होते. चुकली तर ताकीद आणि २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. पत्ता बदलला, पासपोर्ट बदलला की पुन्हा नोंदणी. कामाच्या झेड व्हिसावर आल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा, आणि त्यात ही नोंदणीची चिठ्ठी लागते. म्हणून ती फाइलमध्ये, पाकिटात नाही.

चिनी खातं उघडेपर्यंत अलीपेला भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून भागतं. पण जोडणी इथूनच करून जा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करावा लागतो. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे शुल्क घेत नाही, वर गेलं की ३ टक्के, शिवाय आपल्या बँकेचा मार्कअप वेगळा. वीचॅटही इथेच सुरू करा. नव्या खात्यासाठी बहुधा जुन्या वापरकर्त्याला कोड स्कॅन करावा लागतो, आणि असा ओळखीचा माणूस विमानतळावर भेटत नाही. रोख नाकारणं तिथे बेकायदा आहे, पण भाजीवाल्याकडे सुटे नसतात. १० आणि २० च्या नोटा खिशात असू द्या.

भारतीय सिम बंद करू नका. रोमिंगचा डेटा आपल्याच कंपनीच्या नेटवर्कवरून फिरून येतो, म्हणून त्यावर व्हॉट्सॲप, जीमेल उघडतात. हॉटेलच्या वायफायवर उघडत नाहीत, कारण चीनमध्ये ती बंद आहेत. फेसबुकसुद्धा नाही.

घरभाड्याचा धक्का रकमेपेक्षा पद्धतीचा असतो. ‘या यी फू सान’, म्हणजे एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. ६,००० युआन भाडं धरा: ६,००० डिपॉझिट, १८,००० भाडं आणि शांघायच्या रिवाजाप्रमाणे एजंटचे महिन्याच्या भाड्याच्या ३५ टक्के, म्हणजे २,१००. एका दमात २६,१०० युआन, तेही पहिला पगार व्हायच्या आत. कंपनीकडे उचल मागायची ती निघण्याआधी. करारावर सही करताना मालकाचं ओळखपत्र आणि मालकीचा दाखला एकाच नावाचे आहेत का बघा, कारण पोलीस नोंदणीला तेही लागू शकतात. कंपनी घरभत्ता देत असेल तर मालकाने फापियाओ, म्हणजे कराची अधिकृत पावती, द्यावी असं करारातच लिहून घ्या. त्या पावतीशिवाय परदेशी नोकरदाराला घरभत्त्यावरची करसवलत मिळत नाही. ही सवलत सध्या २०२७ अखेरपर्यंत आहे. पावती द्यायची तर मालकाला कर भरावा लागतो, म्हणून नंतर मागितली की तो भाडं वाढवतो.

घर बघताना चूलही बघा. भाड्याच्या घरात बऱ्याचदा इंडक्शन असतं आणि आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. सपाट स्टीलच्या बुडाचा न्या. गॅस असेल तर ज्योत चिनी कढईसाठी केलेली, मोठी. दोन लिटरच्या कुकरच्या कडेने ती वर चढते आणि हँडल करपतं. थंडीत शांघायला उत्तरेसारखं सरकारी हीटिंग नसतं, एसीवरच भागवायचं. जून-जुलैच्या ‘मेयू’ पावसात चपला, पट्टे आणि कागदी पुडीतला मसाला, सगळ्यांना सारखीच बुरशी धरते. कोकणातल्या माणसाला नवीन काही नाही.

मूगडाळ, हरभरे, हळद, जिरं, कोथिंबीर सहज मिळतं. तूरडाळ शोधावी लागते. शाकाहाऱ्यांनी ‘वो छी सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, एवढं म्हणून थांबू नये. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते आणि तिच्यात चीचिंग, म्हणजे कोंबडीच्या चवीची पूड, पडते. दोन्हींची नावं घेऊन नको म्हणावं लागतं. बौद्ध शाकाहारी खानावळीत ही भानगड नाही. तिथे कांदा-लसूणही नसतो, चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय.

कचऱ्याचे १ जुलै २०१९ पासून चार भाग: ओला, सुका, पुनर्वापराचा, घातक. सोसायटीत टाकायच्या वेळा बहुधा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासांच्या. ओल्या कचऱ्याची पिशवी तशीच टाकायची नाही. ती फोडून आतलं ओल्याच्या डब्यात ओतायचं आणि रिकामी पिशवी सुक्यात. चहाचा चोथा ओला, नारळाची करवंटी सुकी. डब्याशेजारी उभ्या आजीबाईंना ‘इंडियात वेगळं असतं’ हे कारण चालत नाही.

सगळ्यात मोठी परीक्षा पासपोर्ट नव्याने करताना. नव्या पुस्तिकेला नवा नंबर, म्हणजे त्रिकुटातला एक पाय गेला. वाणिज्य दूतावासातून नवा पासपोर्ट हातात आला की आधी पोलीस नोंदणी, मग दहा दिवसांच्या आत निवास परवान्यातल्या बदलाचा अर्ज. त्यासाठी पासपोर्ट जमा होतो आणि पावती मिळते. त्या काळात बँकेचं काम होत नाही, कारण बहुतेक शाखा मूळ पासपोर्टच मागतात. परत मिळाला की सिम, मग बँक, मग ॲप्स, मग १२३०६, याच क्रमाने. आधी ॲप बदललं तर बँकेकडच्या जुन्या नंबराशी जुळत नाही आणि खातं अडकू शकतं. रद्द केलेला जुना पासपोर्ट प्रत्येक खिडकीवर सोबत न्या, जुना आणि नवा नंबर एकाच माणसाचा आहे याचा तोच पुरावा. निवास परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही, तेव्हा वर्षभर शिल्लक असतानाच हे उरकावं.

परत येतानाही माणसं इथेच चुकतात. उत्साहात सिम आणि खातं पहिल्यांदा बंद करतात. घराचं डिपॉझिट, कराचा परतावा, पेन्शनच्या वैयक्तिक खात्यातली स्वतःची रक्कम, हे सगळं चिनी खात्यातच येतं, आणि अनेकदा तुम्ही पुण्यात पोचल्यावर. खात्याचा ओटीपी चिनी सिमवर. सेवा केंद्रात जाऊन नंबर नुसता जिवंत ठेवण्याचा छोटा प्लॅन मागा, महिना ८ युआनच्या आसपास मिळतो, आणि वर्षाचे पैसे आधीच भरून ठेवा.