मुलाची नजर आणि गाडीचा वेग

सिंहस्थ जवळ आला, तशी नाशिकमध्ये रस्ते रुंद करायची घाई सुरू झाली आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वादही. मामा म्हणतात, शाळेत वाहतुकीचे धडे द्या, मुलं शिकतील. मावसभाऊ म्हणतो, आधी कोंडी फुटू द्या, अपघात आपोआप कमी होतील. इथे ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफ शहरात मुलं वाढवताना मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात.

इथेही गाड्या डाव्या बाजूनेच चालतात. त्यामुळे धडा आपलाच: थांबा, उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे. फक्त तो फळ्यावर संपत नाही, मुलांना खऱ्या रस्त्याच्या कडेला नेऊन गिरवून घेतात. अनेक शाळांपुढे हातात गोल पाटी घेतलेल्या बाई उभ्या असतात. त्यांनी पाटी पुढे केली की गाडी थांबवणं कायद्याने बंधनकारक आहे.

कारण धड्यालाही मर्यादा आहे. लहान मूल वाहतुकीशी पुरतं जुळवून घेऊच शकत नाही, हे स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टीना सँडेल्स यांनी 1960च्या दशकातच मांडलं. मुलाला गाडी दिसते, तिचा वेग उमगत नाही. दुभाजक नसलेला 20 मीटरचा रस्ता धरा. सेकंदाला एक मीटर चालणारं मूल तो ओलांडेपर्यंत ताशी 50 किलोमीटरने येणारी मोटारसायकल पावणेतीनशे मीटर कापते. गंगापूर रोडवर शाळा सुटताना एवढं मोकळं अंतर मिळतं का? त्यात राँग साइडने कुणी आलं, तर उजवी-डावी पाठ असूनही उपयोग नाही. आणि रस्ता रुंद केला की मुलाची ही वाट आणखी लांबते, हे मावसभावाला पटवणं मला फार गरजेचं वाटतं.

इथले लोक जात्याच शहाणे आहेत असंही नाही. वेल्समध्ये सप्टेंबर 2023 मध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी 20 मैलांची, म्हणजे सुमारे 32 किलोमीटरची मर्यादा आली, तेव्हा विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या. काही रस्त्यांवर जुनी मर्यादा परतही आली. पण जखमींची संख्या घटली.

म्हणून मामा, धडे हवेतच. नातवाला रोज अ‍ॅक्टिव्हावर सोडण्यापेक्षा कधी हात धरून चालत न्या. पण सिंहस्थाच्या कामांत प्रत्येक शाळेच्या दारापुढे रस्त्यापेक्षा उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग, रस्त्याच्या मधोमध थांबायला जागा आणि शाळा भरता-सुटताना गाड्या अडवणारा माणूस, एवढं नगरसेवकाकडे आत्ताच मागा. डांबर पडल्यावर कुणी पुन्हा रस्ता उकरणार नाही.