चष्म्याचा नंबर आणि शंभूराजांचं वय

खरं तर उत्तर देणार नव्हते. पण रात्री भांडी घासतानाही तुमचंच वाक्य डोक्यात फिरत होतं, म्हणून बसले लिहायला.

ऐतिहासिक मालिकेत नटाचं वय मोजत बसू नये, तो राजा वाटतो का ते बघावं, एवढंच मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता, "शंभूराजांचा पार काका करून ठेवलाय आणि तुम्ही टाळ्या वाजवताय. चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

आधी माझी चूक. मृत्यूसमयी महाराजांचं वय मी 32 लिहिलं होतं. जन्म 14 मे 1657, बलिदान 11 मार्च 1689, म्हणजे बत्तिशीला दोन महिने कमी. 31 बरोबर. दुरुस्त केलंय, आभार.

पण 'काका'? हे नटाला म्हणालात की छत्रपतींना, ते तरी नीट लिहायचं. टोपणनाव घेतलं की जिभेला हाड राहत नाही, हेच खरं.

थोरले माधवराव 1761 मध्ये पेशवे झाले तेव्हा जेमतेम 16 वर्षांचे होते, 1772 मध्ये थेऊरला वारले तेव्हा 27 चे. उद्या खरोखरच अकरावीतला मुलगा मसनदीवर बसवला आणि राघोबादादांना दरडावताना त्याचा आवाज चिरकला, तर "शाळेचं गॅदरिंग आहे का?" असं विचारायला तुम्हीच पहिले याल. शिवाय मालिका चालतात वर्षानुवर्षं. मिसरूड फुटल्यापासून शेवटापर्यंत एकाच नटाला सगळं ओढायचं असतं.

आणि मी हे हवेत बोलत नाही. हौशी रंगभूमीवर तेविसाव्या वर्षी मी जिजाऊ केल्यात, त्याही राज्याभिषेकाच्या वेळच्या, म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या. माझे शिवराय एक्केचाळीस वर्षांचे. (महाराज तेव्हा 44 चे, म्हणजे त्यांचं तसं जमत होतं. माझंच नव्हतं.) तालमीत ते पाया पडायला वाकले की त्यांचा गुडघा कट्‌कन वाजायचा आणि आम्ही दोघंही फसकन हसायचो. प्रयोगातही वाजला. माझ्या केसांची पांढरी पावडर घामाबरोबर भुवईपर्यंत आली होती. पहिल्या रांगेतल्या आजी मात्र डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. त्यांनाही नंबर तपासायला पाठवायचं का?

राण्यांच्या भूमिकेत नायकाच्या निम्म्या वयाच्या मुली घेतात आणि तिशीतल्या अभिनेत्रींना थेट आई करतात, असंही तुम्ही लिहिलंय. तो वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही. 'चॅनलकडून पाकीट मिळालं का' याला तर उत्तरच नाही.

आणि हो, चष्मा गेल्याच महिन्यात तपासलाय. नंबर आहे तेवढाच आहे.