स्वस्त इअरफोन घेताना आधी डग्गा ऐका

जळगाव घ्या, धुळे घ्या नाहीतर भुसावळ, आपल्याकडे इअरफोन दाखवायची पद्धत एकच. फोनचा आवाज फुल, त्यावर लग्नातलं डीजेचं गाणं आणि "भाऊ, बेस पाहा फक्त!" कानात धडधड झाली की गिऱ्हाईक खूश, पैसे देऊन मोकळं. या सगळ्यात इअरफोनची परीक्षा होतच नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण कानावरून वायर फिरवून कानाच्या नळीत घालायचे ते इअरफोन, म्हणजे आयईएम (इन-इअर मॉनिटर), आता दोन हजारांच्या आत फार चांगले मिळतात. २०२२ मध्ये मूनड्रॉप कंपनीचा चू आणि सेव्हन हर्ट्झ कंपनीचा सॅल्नोट्स झीरो आले. दोन्हींत १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (म्हणजे आत आवाज काढणारा चिमुकला स्पीकर), तरी गाणं तोलून वाजवतात. खोक्यावर चार-चार ड्रायव्हर छापलेले म्हणून आवाज चौपट चांगला होत नाही. '२० ते २०,००० हर्ट्झ' या आकड्यालाही भुलू नका. त्या पट्ट्यात कुठला सूर किती चढा-उतरा वाजतो ते खोका सांगत नाही.

आता आवाज फुल करण्याबद्दल. आपला कान हळू आवाजात खर्ज कमी पकडतो, आवाज चढवला की खर्ज भरून येतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडलं. म्हणून दोन इअरफोनांतला जो जरा मोठ्याने वाजतो, तोच भारी वाटतो. फोनवर दोघांना सारखाच आकडा ठेवूनही भागत नाही, कारण तेवढ्याच व्होल्टेजवर एक मोठा वाजतो, दुसरा लहान. गायकाचा गळा दोन्हींत सारखाच मोठा वाटेपर्यंत आवाज कमी-जास्त करा आणि मगच तुलना करा.

माझा भाचा धुळ्याला कॉलेजात आहे. त्याचा फोन आला, "मामा, कोनता लेऊ?" मी म्हटलं, नाव नंतर सांगतो, आधी तबला ऐक. कुठलंही चांगलं ध्वनिमुद्रण चालेल, फक्त लय विलंबित हवी. तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्यावर बोट पडतं आणि त्याच क्षणी वादक मनगट पुढे दाबतो, तसा सूर खालून वर सरकतो. आयईएम चांगला असेल तर हे सरकणं सबंध ऐकू येतं: थाप पडली, सूर चढला, विरला. बेस फुगवलेला असेल तर नुसतं धप्प. पुढची थापही धप्प, त्यापुढचीही तशीच. शिवाय ते धप्प गायकाच्या खालच्या स्वरांवर पसरतं आणि आवाज घोगरा वाटायला लागतो. बेस जास्त आहे की चांगला आहे, हा फरक मला तरी डग्ग्याइतका स्वच्छ दुसऱ्या कशावर कळत नाही.

त्यानंतर संवादिनी. उघड्या कानाची नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपास आवाज आपोआप वाढवते. इअरफोनने ती नळी बंद केली की तेवढी वाढ बनवणाऱ्याला स्वतः भरून द्यावी लागते. कमी दिली तर गाणारा पडद्यामागे गेल्यासारखा वाटतो, जास्त दिली तर संवादिनी कर्कश होते आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. मग एखादं कीर्तन किंवा साध्या बातम्या लावा. 'स', 'श' आणि 'च' टोचत असतील तर वरची पट्टी चढवलेली आहे, घेऊ नका.

बरं, हे सगळं रबरी टिप कानात नीट बसली असेल तरच. डब्यात बहुतेक वेळा तीन मापं येतात, लोक लावून आलेली मधलीच वापरतात. फट राहिली की बेस गळून जातो आणि दोष इअरफोनला. आपल्याकडच्या मे महिन्यात तर घामाने टिप सुटतेच. एका बाजूचा आवाज अचानक बारीक झाला तर तो खराब झाला म्हणून टाकू नका. बऱ्याचदा तोंडाशी असलेल्या जाळीवर ओल किंवा मळ बसलेला असतो.

थोडा जास्त बेस वाईटच, असंही मी म्हणणार नाही. सुरत-भुसावळ लाइनीवर रोज जाणाऱ्याला गाडीची घरघर खालचे सूर खाऊन टाकते, त्याला चार मापं जास्त बेस लागणारच. पण निवड शांत खोलीत करा.

कुठला सूर किती मोठा वाजतो ते मोजून काढलेला ग्राफ जरूर बघा, पण त्याच्या उजव्या टोकाचे बारीक चढ-उतार मोजत बसू नका. आठ हजार हर्ट्झच्या वर मोजणाऱ्या यंत्राचा कान आणि तुमचा कान यांचं जमत नाही.

एक खंत मात्र आहे. मला ही परीक्षा आपल्याच आवाजांवर घ्यायची असते. नंदुरबारकडची पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य), वहीच्या गाण्यातला (म्हणजे खानदेशी लोकगायनातला) डफ, हे मी लहानपणापासून समोर बसून ऐकलंय, कुठे काय चुकलं ते लगेच कळेल. पण जी ध्वनिमुद्रणं हाती लागतात ती मोबाइलवर केलेली, डफ फाटलेला, पावरी चिरकी. आणि नव्या अहिराणी गाण्यांचा आवाज बहुतेक डीजेच्या भोंग्यांसाठीच बांधलेला असतो, त्यावर कुठलाही इअरफोन सारखाच धडधडतो. कुणाकडे पावरीचं किंवा वहीचं चांगल्या माइकवर केलेलं, फाइल दाबून लहान न केलेलं ध्वनिमुद्रण असेल तर कमेंटमध्ये सांगा. मी घ्यायला येतो, शहाद्यापर्यंत यावं लागलं तरी.